गाडीत झोपल्यावर होणारी चोरी: कुलूप शाबूत, सामान गायब

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच चालीची असते. कॅम्पर व्हॅन, किंवा आतून घरासारखी बांधून घेतलेली ट्रॅव्हलर घेऊन कुटुंब निघतं. रात्री पंपावर नाहीतर ढाब्यावर गाडी लावून सगळे झोपतात. पहाटे उठून बघावं तर मोबाईल नाही, पाकीट नाही, कधी पर्सच नाही. कुलूप शाबूत, काच शाबूत, आणि कुणाला चाहूलसुद्धा लागलेली नाही. मग आधीपेक्षा मोठं कुलूप आणलं जातं, आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा तेच होतं.

सोलापुरात हे ऐकायला मिळणारच, कारण आपलं शहर चहूबाजूंनी यात्रेच्या वाटांवर आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, पलीकडे गाणगापूर. पुणे-हैदराबादचा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि विजयपूरहून तुळजापूरकडे जाणारा ५२ इथेच एकमेकांना भेटतात. गाडीतच झोपून चारही ठिकाणं करायची हा बेत आता पुष्कळ घरांत होतो. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या वाढल्या, पण झोपायच्या सवयी घरातल्याच राहिल्या.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. ही बहुतेक चोरी कुलपाची नसतेच, उकाड्याची असते. वैशाखात आपल्याकडे दिवसा पारा चाळिशीच्या वर असतो आणि मध्यरात्र उलटली तरी गाडीचा पत्रा निवत नाही. माणूस खिडकी उघडतो, दार किलकिलं ठेवतो, पाय दाराकडे करून आडवा होतो. चोर आत येतच नाही. तो बाहेर उभा राहून हात घालतो. म्हणून कुलपाआधी हवेचा बंदोबस्त करा. वारा आत येईल आणि हात येणार नाही, एवढं जमलं की निम्म्याहून जास्त काळजी मिटते.

आधी काय गेलं ते बघा

गेलेल्या वस्तूवरून चोर कुठून आला ते बऱ्यापैकी कळतं, आणि उपायही तिथेच करायचा असतो.

खुंटीवरची पँट, चार्जिंगला लावलेला मोबाईल, उशाशी ठेवलेलं पाकीट एवढंच गेलं आणि आतलं बाकी सामान हललेलंही नाही, तर चोरी खिडकीतून झाली. ड्रायव्हरच्या पुढच्या खणातले पैसे, गॉगल, गाडीची कागदपत्रं गेली, तर पुढचं दार नीट लागलेलं नव्हतं. डिझेल, स्टेपनी, बॅटरी, गॅसची टाकी गेली, तर तो गाडीला बाहेरून भिडणारा वेगळा चोर आहे. त्याला तुम्ही आत झोपलात की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. सगळंच उचकटलेलं असेल आणि घरातले सगळे डोकं जड होऊन उठले असतील, तर खाली गुंगीबद्दल लिहिलंय ते आधी वाचा, कारण तिथे चोरीपेक्षा मोठं काही असू शकतं.

आणखी एक प्रकार देवस्थानांच्या गावी होतो. काकड आरतीला निम्मी मंडळी अंधारातच बाहेर पडतात, दार नुसतं ओढून घेतात, आणि आतले झोपलेले समजतात की आपलीच माणसं ये-जा करताहेत. पायरीवर पाय पडल्याचा आवाज ऐकूनही कुणी डोळा उघडत नाही. यावर उपाय साधा आहे. बाहेर जाणाऱ्या शेवटच्या माणसाने आतल्या एकाला पूर्ण जागं करून आतून कडी लावून घ्यायची, आणि परतताना फोन करूनच दार उघडून घ्यायचं. झोपमोड होते, होऊ द्या.

खिडकी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

ट्रॅव्हलरच्या सरकत्या काचा ॲल्युमिनियमच्या खाचेत चालतात आणि एका छोट्या खटक्यावर अडकतात. गाडी खडखडून तो खटका झिजतो. तपासायचं असं: आतून खटका लावा, बाहेर या, दोन्ही तळवे काचेवर सपाट दाबा आणि काच बाजूला रेटा. खटका लागलेला असूनही काच सरकली, तर ती खिडकी रात्रभर उघडीच असते असं समजा. अशा खिडकीवर खटका बदलण्याआधीही एक इलाज आहे. खालच्या खाचेत बसेल अशी लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी कापून आडवी टाका. काच बंद ठेवायची असेल तर पूर्ण लांबीची, थोडी उघडी ठेवायची असेल तर दोन बोटं कमी. पट्टी आहे तोवर काच बाहेरून कितीही रेटली तरी त्यापुढे जात नाही. सुताराकडे हे काम घटकाभराचं आहे.

दोन बोटांच्या फटीतून वारा पुरणार नाही हे खरं. म्हणून झोपायच्या बाजूच्या निदान दोन खिडक्यांना आतून ग्रील करून घ्या आणि त्यावर डासांसाठी स्टीलची जाळी लावा. नायलॉनची जाळी डासांपुरतीच असते. ब्लेड फिरवलं की ती आवाजही न करता खाली लोंबते. ग्रीलच्या दोन पट्ट्यांमधून आपली मूठ घालून बघा. मूठ गेली तर अंतर जास्त आहे. मनगट आत गेलं की खालचा खटका, चावी, पर्सचा पट्टा सगळं हाताशी येतं.

पण एक विनंती मनापासून करतो: सगळ्याच खिडक्यांना ग्रील वेल्ड करून टाकू नका. आग लागली, गॅस सुटला, गाडी कलंडली, तर बाहेर पडायला दारांखेरीज एक मोठी खिडकी मोकळी हवीच. त्या खिडकीला आतून सुटणारी ग्रील करा, बिजागरीवर उघडणारी, आणि तिला कुलूप न लावता आतून बोल्ट लावा. लहान मुलालाही अंधारात तो बोल्ट काढता आला पाहिजे. मुलांकडून दिवसा एकदा काढून घ्याच. काच फोडायची हातोडी त्या खिडकीशेजारीच अडकवा. चोरीला घाबरून आपणच आपल्याला कोंडून घेतलं, असं व्हायला नको.

आता काठीची गोष्ट. खिडकीतून होणाऱ्या चोरीत हातापेक्षा काठी जास्त काम करते. टोकाला तारेचा आकडा वळवलेली काठी जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून आत सरकते, खुंटीवरच्या पँटचा पट्टा अडकवते आणि पँट अलगद खिडकीपर्यंत ओढून आणते. खिसा तिथेच रिकामा होतो, पँट खाली टाकून दिलेली सापडते. हे टाळायला झोपण्याआधी एकदा बाहेरून फेरी मारा. हातात हातभर काठी घ्या, प्रत्येक उघड्या खिडकीपाशी उभे राहा आणि काय काय गाठता येतं ते बघा. जे गाठता येईल ते तिथून हलवा. हे एवढं केलं तरी खुंट्या खिडकीच्या बाजूने काढून मधल्या कपाटाच्या दारावर न्याव्या लागतील हे लगेच लक्षात येतं. चार्जिंगचे पॉइंटही गाडी बांधणारे हमखास खिडकीखाली देतात. ते मधल्या ओट्याशी, खिडकीपासून दूर घ्या. रात्री पडद्याआड उजळलेला मोबाईलचा पडदा बाहेरून स्पष्ट दिसतो.

उकाडा

हवा खेळती ठेवायचा खरा मार्ग खिडकी नव्हे, छत आहे. गरम हवा वर जाते. छताला १२ व्होल्टचा बाहेर ओढणारा पंखा बसवला आणि खाली फ्लोअरला जाळी लावलेली हवेची भोकं ठेवली, की खालून थंड हवा येते आणि वरून गरम हवा निघून जाते. छतावरच्या झाकणातून हात घालायला चोराला गाडीवर चढावं लागेल, आणि पत्र्यावर चढलेल्या माणसाचा आवाज मेलेल्यालाही उठवेल. मागची शिडी मात्र रात्री दुमडून कुलूप लावता येईल अशी घ्या.

वीज किती लागते याचा हिशोब सोपा आहे. असा पंखा मध्यम वेगावर साधारण ३ अँपिअर घेतो. ८ तास चालवला तर २४ अँपिअर-अवर, बॅटरीतली वीज याच मापात मोजतात. १०० अँपिअर-अवरची साधी लेड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी म्हणतात, तरी ५० हाताशी उरतात. म्हणजे छताचा पंखा आणि झोपायच्या जागेवरचा एक छोटा पंखा रात्रभर आरामात चालतात. ही बॅटरी गाडी सुरू करायच्या बॅटरीपासून वेगळी असली पाहिजे. पहाटे पळ काढायची वेळ आली आणि स्टार्टर फिरलाच नाही, तर सगळंच मुसळ केरात.

फ्लोअरच्या भोकांचा आणखी एक फायदा आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या भोकांतून बाहेर पडतो. म्हणून थंडीत वारा लागतो म्हणून ती भोकं चिंध्यांनी बुजवू नका.

दुपारी गाडी झाडाखाली उभी केलीत तर रात्र सोपी जाते, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या काचेला आतून सोलापुरी चादर अडकवा. ऊन अडतं, आणि रात्री केबिनमध्ये काय ठेवलंय हे बाहेरून बॅटरी मारून बघणाऱ्यालाही दिसत नाही. केबिन आणि झोपायची जागा यांच्यामधला पडदा मात्र एका झटक्यात बाजूला होईल असा ठेवा.

एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं, किंवा जनरेटर गाडीला लावून झोपणं, हे कृपा करून करू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये झोपलेले दोघे जण कार्बन मोनॉक्साइडने गेले. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपेतल्या माणसाला तो उठवत नाही. आणि लक्षात घ्या, धूर आपल्याच गाडीचा असायला हवा असंही नाही. रात्रभर इंजिन चालू ठेवणाऱ्या ट्रकचा सायलेन्सर आपल्या फ्लोअरच्या भोकांकडे तोंड करून असेल तर जागा बदला. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म उशाच्या उंचीवर लावा. चोरीच्या अलार्मवर खर्च करण्याआधी या अलार्मवर करा.

"स्प्रे मारला होता" म्हणतात ते

हे इतक्या वेळा कानावर येतं की यावर थांबावंच लागेल. चोरी झाली, कुणालाच जाग आली नाही, म्हणजे चोरांनी खिडकीतून गुंगीचा स्प्रे मारला असणार, असं लोक अगदी खात्रीने सांगतात. युरोपात मोटरहोम घेऊन फिरणाऱ्यांमध्येही हीच भीती आहे. तिथल्या इतक्या तक्रारी झाल्या की ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजला खुलासा करावा लागला. खिडकीतून ईथर किंवा क्लोरोफॉर्म सोडून आतल्या माणसांना न कळता बेशुद्ध करणं शक्य नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कारण समजून घेतलं की भीती जाते. ईथरचा वास इतका उग्र असतो की झोपलेला माणूस खोकत उठेल. शिवाय तो पेट घेतो. क्लोरोफॉर्म नाकाशी धरला तरी माणूस क्षणात कोसळत नाही, काही मिनिटं लागतात. मग एवढ्या मोठ्या गाडीतली सगळी हवा भारायची तर एका डबीतल्या स्प्रेने काय होणार? आणि समजा झालंच, तर मात्रेचं काय? २००२ मध्ये मॉस्कोच्या एका नाट्यगृहात ओलिसांना सोडवण्यासाठी सरकारनेच गुंगीचा वायू सोडला होता. त्यात शंभराहून जास्त ओलीस दगावले. कुणाला किती मात्रा मिळाली यावर ताबा नसेल तर काय होतं ते त्यात दिसलं. लहान मूल, आजी आणि दणकट बाप एकाच गाडीत झोपलेले असताना तिघांनाही फक्त गाढ झोप लागेल आणि सकाळी तिघंही उठतील, असा वायू भुरट्या चोराजवळ नसतो.

मग जाग का आली नाही? दिवसभर ड्रायव्हिंग, दर्शनाच्या रांगेत उभं राहणं, रात्री भरपेट जेवण. पहाटेची झोप तशीही गाढ असते. आणि खिडकीतून काठी फिरवायला आवाज लागतोच किती?

पण डोकं दुखत, मळमळत, चक्कर येत उठलात, आणि एकटे नव्हे तर सगळेच तसे उठलात, तर आधी सगळे गाडीबाहेर या. मोकळ्या हवेत बरं वाटू लागलं तरी दवाखाना गाठा. डॉक्टरांना "गाडीत झोपलो होतो, जवळ इंजिन किंवा जनरेटर चालू होता" हे शब्द मुद्दाम सांगा. पाकिटाचं नंतर बघू.

गुंगीचा दुसरा प्रकार मात्र खरा आहे, आणि तो खाण्यापिण्यातून येतो. रेल्वेत चहा-बिस्किटातून औषध घालून लुटल्याचे गुन्हे वर्षानुवर्षं नोंदले जातात. देवाच्या गावी तो प्रसादाच्या रूपाने येऊ शकतो, आणि प्रसादाला नाही म्हणणं आपल्याला जड जातं. म्हणून नाही म्हणू नका. दोन्ही हातांनी घ्या, कपाळाला लावा आणि ठेवून द्या. मंदिरातला प्रसाद मंदिरात खा. ढाब्यावर शेजारच्या गाडीतल्या प्रेमळ माणसाने आणलेला पेढा, कापलेलं फळ, ग्लासातला उसाचा रस रात्री झोपण्याआधी पोटात जाऊ देऊ नका. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण मोठ्यांच्या डोळ्यांदेखत मूल खाऊन मोकळं होतं.

गाडी कुठे लावायची

जागा निवडताना मी क्रम असा लावतो. आवार असलेलं भक्तनिवास किंवा यात्री निवास सगळ्यात वर. अक्कलकोटला, तुळजापूरला, पंढरपूरला अशी आवारं आहेत. खोली नको असली तरी विचारा. एक छोटी खोली घेऊन गाडी आवारात उभी करायला मिळाली, तरी अंघोळीची सोय होते आणि गेटवर माणूस असतो.

त्याच्या खालोखाल रात्रभर चालणारा पेट्रोल पंप. पण तिथेही न विचारता कोपऱ्यात गाडी घालून झोपू नका. आत जाऊन विचारा, "दादा, फॅमिली आहे, सकाळपर्यंत लावली तर चालेल का?" बहुधा उत्तर येतं, "लावा की, त्यात काय! फक्त ट्रकच्या रांगेत नको, हापिसासमोर घ्या." त्याने दाखवलेली जागा हीच चांगली जागा असते, कारण रात्री त्याची नजर तिथेच असते. ट्रकच्या रांगेत दोन उंच गाड्यांमध्ये आपली गाडी दडली, की खिडकीपाशी कोण उभा आहे हे कुणालाच दिसत नाही. डिझेल चोरणारेही त्याच रांगेत फिरतात. आपली डिझेलची टाकी ज्या बाजूला असेल ती बाजू भिंतीला लावा आणि झाकण कुलपाचं घ्या. स्टेपनीला आणि गॅसच्या टाकीच्या कप्प्याला कुलूप लावलंत की बाहेरच्या चोरीचं काम बहुतेक संपलं.

सावळेश्वर किंवा तामलवाडीसारख्या टोलनाक्यांच्या आसपास उजेड आणि वर्दळ असते. अडचणीत ते ठिकाण रस्त्याकडेच्या अंधारापेक्षा चांगलं. महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे, तो गाडीत सगळ्यांना पाठ हवा.

तळे हिप्परग्याचा काठ, भिगवणजवळचं उजनीचं पाणी, नळदुर्गाकडचा मोकळा माळ, इथे मुक्कामाचा मोह फार होतो. हिवाळ्यात उजनीवर रोहित पक्षी बघायला गेलेल्यांना तर तिथून हलवत नाही. संध्याकाळ तिथे काढा, चहा करा, सूर्य मावळेपर्यंत बसा, पण झोपायला दुसरीकडे जा. जिथे खुर्च्या मांडून चार तास बसलो, सामान काढलं, ती जागा कुणी लांबून बघितलेली असू शकते. अंधार पडल्यावर दहा-पंधरा किलोमीटर पुढे जाऊन, खुर्च्या-टेबल बाहेर न काढता, पडदे ओढून झोपणं केव्हाही चांगलं.

यात्रेच्या दिवसांत वेगळा विचार लागतो. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरलेला असतो आणि वाहतूक वळवलेली असते. त्या दिवसांत गाडी सोलापुरातच ठेवा. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेपलीकडच्या ६५ एकरात दिंड्यांचे तंबू पडलेले असतात. तिथे एकट्या गाडीने राहण्यापेक्षा ओळखीच्या दिंडीच्या ट्रकशेजारी जागा मागा. दिंडीत रात्री कुणीतरी जागं असतंच. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आलात तर होम मैदानाच्या आसपास गर्दीत गाडीत झोपायचा हट्ट नको, लॉजच्या आवारात लावा.

कुठेही लावली तरी गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला ठेवा. संध्याकाळी तिथल्या भटक्या कुत्र्यांना भाकरीचा तुकडा टाका. रात्री अनोळखी पाऊल वाजलं की पहिली खबर तेच देतात, आणि हा उपाय मी कुठल्याही सेन्सर लाइटपेक्षा वरचा मानतो.

दारं आणि आतलं सामान

सेंट्रल लॉकवर विसंबू नका. जुन्या गाड्यांत मागचा दरवाजा त्यात येतच नाही. प्रत्येक दार बाहेरून ओढून बघा. पुढच्या दारांसाठी सीट बेल्टचा चांगला उपयोग होतो. बेल्ट दाराच्या आतल्या हँडलमधून ओवून परत त्याच्या बकलमध्ये अडकवा. बाहेरून लॉक उघडलं तरी दार ओढता येत नाही, आणि आतून एक बटण दाबलं की सुटतं. मधल्या दाराला आतून कडी. पायरीवर दोन पातेली एकावर एक आणि वर ताटली ठेवली तर दार हलताच जो आवाज होतो, त्यापुढे विकतचा अलार्म फिका पडतो. तरी दाराला लावायचा छोटा मॅग्नेटिक अलार्म फार महाग नसतो, तोही लावा.

पैसे एका ठिकाणी ठेवू नका. रोजच्या खर्चाचं पाकीट वेगळं, उरलेले सीटखाली फ्लोअरला बोल्टने आवळलेल्या पेटीत. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये ठेवलं तर चालतं, मूळ प्रती घरी राहू द्या. देवीला वाहायचे किंवा अंगावरचे दागिने रात्री उशाखाली न ठेवता त्याच पेटीत जाऊ द्या. गाडीची चावी मात्र पेटीत नको. ती रोज एकाच ठिकाणी, खिडकीपासून लांब, आणि गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी.

रात्री कुणी दार वाजवलं तर

"टायर बसलंय", "खाली ऑइल गळतंय", "गाडी पुढे घ्या, टँकर यायचाय." यातलं काहीही असलं तरी दार उघडायचं नाही. काचेतून बोला. पंपावर असाल तर, ज्याला विचारून गाडी लावली त्याला हाक मारा किंवा फोन करा. झोपण्याआधीच त्याचा नंबर घेऊन ठेवायचा तो याचसाठी. पोलीस म्हणून कुणी आलं तर दिवे लावा, काचेतून ओळखपत्र बघा, आणि शंका असेल तर ११२ लावून "इथे पोलीस आलेत, खरे का?" असं सरळ विचारा. खऱ्या पोलिसाला त्याचा राग येण्याचं कारण नाही.

खिडकीत हात दिसला तर पकडायला जाऊ नका. चोर घाबरला की हत्यार काढतो. मोठ्याने ओरडा, हॉर्न दाबून धरा, सगळे दिवे लावा. तो गेला तर त्याच्यामागे बाहेर पडू नका. एकापेक्षा जास्त जण असतील तर गाडी सुरू करा आणि उजेडाच्या दिशेने निघा. म्हणूनच ड्रायव्हरच्या सीटवर रात्री गाद्या, पिशव्या रचायच्या नाहीत आणि चाकाखाली दगड ठेवायचे नाहीत.

चोरी झालीच तर

पहिलं काम सिम बंद करणं. मोबाईल गेला म्हणजे ओटीपी चोराकडे जातात, आणि यूपीआयमधून पैसे जायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून सिम आणि बँक बंद करा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर कळवा. मग ११२.

आता तक्रारीबद्दल, कारण इथे माणसं हमखास थकून माघार घेतात. पुण्याला पोचल्यावर लक्षात आलं, चोरी झाली सोलापूर जिल्ह्यात, आता परत कुठे जायचं? जायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठेही घडलेला असला तरी तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळाली पाहिजे. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

कधीकधी "गहाळ" अशी नोंद करून कागद हातात दिला जातो. गहाळ म्हणजे तुम्हीच हरवलं. झोपेत खिडकीतून नेलं ती चोरी आहे, तसंच लिहून मागा, नम्रपणे पण ठामपणे. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कलम ३०३ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. प्रवासी किंवा मालवाहू वाहनातून वस्तू चोरल्यास कलम ३०५ लागू शकतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणून आपण आत झोपलो होतो, खिडकीची जाळी कापलेली होती, वस्तू आतून गेली, हे जबाबात यायला हवं. कापलेल्या जाळीचा फोटो हात लावण्याआधी काढून ठेवा.

मोबाईलसाठी आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. आत्ताच प्रत्येक फोनवर *#०६# दाबा आणि आलेला नंबर घरच्या वहीत लिहा. तक्रारीची प्रत हातात आली की केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो नंबर टाकून फोन सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो, आणि पुढे कुणी त्यात सिम घातलं तर माग लागतो.

विम्याची पॉलिसी प्रवासाला निघण्याआधी काढून वाचा. गाडीचा साधा विमा गाडीतल्या मोबाईल-पर्सचे पैसे देत नाही, त्यासाठी वैयक्तिक सामानाचं वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. मागाहून बसवलेला सोलर पॅनल, इन्व्हर्टर, जास्तीची बॅटरी हे सगळं पॉलिसीत किमतीसह नोंदवलेलं नसेल तर त्याचेही मिळत नाहीत. बिलं जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी एजंटाकडून ती यादी पॉलिसीत चढवून घ्या.